साल्टर्न्सच्या लॉकची कवाडं उघडलीच पाहिजेत




इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर चिचेस्टर शहरातून निघालेला सहा किलोमीटरचा जुना जहाज-कालवा बर्डम गावाजवळ खाडीला मिळतो. तिथे साल्टर्न्स लॉक आहे, म्हणजे दोन पातळ्यांच्या पाण्यांमध्ये बोटी चढवण्या-उतरवण्यासाठी कवाडं लावलेला कप्पा. साल्टर्न्स म्हणजे मिठागरं. मुलीकडे राहायला आल्यापासून मी तिथवर पुष्कळदा चालत गेलो आहे. अलीकडे कालव्याचं गोडं, संथ पाणी आणि त्यावर लोकांनी संसार थाटलेल्या होड्या. पलीकडे ओहोटीचा चिखल, त्यात पाय रोवून उभे पांढरे बगळे. क्षणभर रेवदंड्याच्या खाडीची आठवण होते. मधलं लॉक मात्र बंद. भिंतीच्या फटींतून रान माजलेलं.

‘पडक्या वास्तूलाही शोभा असते, राहू द्या तसंच,’ असं म्हणणारे इथे भेटतात. मला ते अजिबात पटत नाही.

या कालव्याला पार्लमेंटची मंजुरी मिळाली १८१७ मध्ये. अभियंता जॉन रेनी, मोठा आश्रयदाता एग्रिमाँटचा अर्ल. फ्रेंचांची भीती न बाळगता लंडनहून पोर्ट्समथला आतल्या पाण्यानं जाता यावं, ही मूळ कल्पना नेपोलियनच्या युद्धांच्या काळातली. १८२२ पासून इथे शंभर टनांची जहाजं येऊ लागली. चित्रकार टर्नरनं याच कालव्याचं चित्र रंगवलं. शेवटचा माल १९०६ मध्ये आला आणि १९२८ मध्ये कालवा सोडून देण्यात आला.

आता मुंबईकडे पाहा. त्याच १८१७ च्या ऑक्टोबरात जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरलं. त्याच युद्धांनी इंग्लंडात ओकचा तुटवडा पडला होता, म्हणून ते मलबारी सागवानाचं झालं. पुढे हे जहाज पोर्ट्समथ बंदरात, या लॉकपासून फार दूर नाही, कित्येक दशकं उभं होतं. १९८७ मध्ये ते हार्टलपूलला नेलं, दहा वर्षांहून अधिक काळ त्यावर कारागीर खपले आणि आज ते तरंगतं आहे. जहाज तरंगतं ठेवायला हवं हे सगळ्यांना पटलं. मग लॉक उघडायला हवं, हे का पटू नये?

एक आक्षेप खरा आहे. कालव्यावरचे जुने फिरते पूल जाऊन दोन मोठे रस्ते पाण्यालगत आडवे आले आहेत, त्यामुळे लॉक उघडलं तरी बोट शहरापर्यंत जाणार नाही. पण पूल उंच होईपर्यंत थांबायचं, तर तोवर भरती-ओहोटी थांबणार आहे का? दिवसातून दोनदा ती कवाडांवर आदळते. बोटी आत येऊन रस्त्याशी अडू लागल्या, की पुलाची मागणी कागदावर राहणार नाही. दुसरा आक्षेप गोड्या पाण्याचा. भरतीच्या माथ्यावर दोन्हीकडच्या पातळीत फरक कमी असतो. ठरावीक दिवशी तेवढ्याच वेळात कवाडं उघडली तर फार थोडं पाणी जाईल. होड्यांवर राहणाऱ्यांना आधी विचारलं पाहिजे, हे उघडच आहे.

मी अलिबागकडचा. खारं पाणी शेतात येऊ न देणाऱ्या आमच्या खारबंदिस्तीत उघाडी असते. तिचं दार ओहोटीला उघडतं, भरतीला आपोआप मिटतं. ते दार कुजू दिलं की एका उधाणात सगळी भातखाचरं खारी होतात. लहानपणी वडील हातात कंदील घेऊन ते दार बघायला जात. पाण्यावरचं दार वापरात असलं तरच कुणी त्याच्याकडे बघतं.

चिचेस्टरला या कालव्यासाठी स्वयंसेवकांचा ट्रस्ट आहे. तेच लोक शहराच्या बाजूला सहलीच्या बोटीही चालवतात. दक्षिण इंग्लंडातल्या मराठी वाचकांना माझी विनंती आहे: त्यांचे सभासद व्हा, महिन्यातला एक रविवार द्या, आणि लॉकचं काम पुलांच्या आधी घ्या असा आग्रह धरा.

— एक वाचक, चिचेस्टर