‘रेड’ आहे ना, मग प्रत कशाला?

‘सगळे संगणकात टाकले आहे, आता काळजी नाही’ हे वाक्य मराठीच्या विभागांतून इतक्या समाधानाने उच्चारले जाते, की त्याला हरकत घेणारा माणूस उगाचच कुरकुर्‍या ठरतो. तो आरोप पत्करून मी म्हणतो, की हे वाक्य खोटे आहे. आणि ज्यांनी ते सर्वांत आधी ओळखावे, ते पाठचिकित्सा शिकवणारे अध्यापकच ते बोलतात, ही त्याहून लाजिरवाणी गोष्ट आहे.

कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात ही कथा एकाच साच्यातून निघते. अनुदान येते, चार हार्डडिस्कची एक पेटी विकत घेतली जाते. ठाकर आणि कातकरी वाड्यांवर विद्यार्थ्यांनी केलेली ध्वनिमुद्रणे, लग्नातली गाणी, प्रकल्पलेखन, पोथ्यांची छायाचित्रे, सारे त्या पेटीत जाते. पुरवठादार सांगतो, ‘रेड आहे, एक डिस्क गेली तरी काही जात नाही.’ एक डिस्क गणपतीच्या सुटीत जाते. पेटीवरचा तांबडा दिवा कोणी पाहत नाही, कारण पेटी कुलपात असते आणि यंत्र तर चालूच राहते. दुसरी डिस्क दिवाळीनंतर जाते. मग एकाएकी सर्वांना वारसा आठवतो.

‘रेड’ची कल्पना १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडली. तिचे मर्म शाळकरी गणिताचे आहे. ७, ५ आणि ९ हे आकडे तीन डिस्कवर आणि त्यांची बेरीज २१ चौथीवर ठेवली, तर कोणताही एक आकडा पुसला गेला तरी उरलेल्यांवरून तो काढता येतो. दोन पुसले गेले की येत नाही. (प्रत्यक्षात बेरजेऐवजी दुसरी क्रिया असते आणि ती चारही डिस्कवर विखुरलेली असते, असो.) दोन डिस्कचा आघात सोसणारी रचनाही आहे, पण चुकून पुसलेली फाइल, आग, चोरी आणि पाणी यांच्यापुढे तिचा उपयोग शून्य. ‘रेड’मुळे काम थांबत नाही, इतकेच. तिला प्रत म्हणणे म्हणजे एकाच पोथीच्या पुठ्ठ्याला दुसरी पोथी म्हणणे होय.

शिवाय चारही डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या, एकाच दमट खोलीत राहिलेल्या. त्यांची वयेही एकच. १९१५ साली खोपोलीला आणि १९२२ साली भिवपुरीला टाटांची वीजगृहे सुरू झाली, मुंबई उजळली. पण पावसाळ्यात आमच्याकडचे दिवे अजूनही लपंडाव खेळतात आणि लेखन अर्ध्यावर तुटते. नवी डिस्क बसवून पुनर्रचना सुरू केली, की उरलेल्या डिस्कचा कण न् कण वाचावा लागतो आणि आजवर दडलेले दोष नेमके तेव्हाच उघडे पडतात. साध्या प्रतीच्या डिस्कसाठी निर्माते जी मर्यादा सांगतात तिच्यानुसार सुमारे १२.५ टेराबाइटच्या वाचनात एक चूक गृहीत धरलेली असते. आजच्या पेट्या तेवढ्या सहज भरतात.

अशा वेळी जे करायला हवे ते ऐकून आमच्या विषयाचा माणूस चमकला पाहिजे. यंत्र बंद करायचे. डिस्कवर क्रमांक घालायचे. मूळ डिस्कला हात न लावता प्रत्येकीची कण न् कण नक्कल घ्यायची आणि पुढचे सारे काम नकलेवरच करायचे. मग डिस्कचा क्रम आणि तुकड्यांचे माप शोधायचे. सर्वांत महत्त्वाचे, कोणती डिस्क आधी बाहेर पडली ते ठरवायचे. कारण गणपतीत गेलेली डिस्क पुन्हा चालू झाली, तरी तिच्यावरचा पाठ गणपतीपर्यंतचाच असतो. ती मिसळली तर संहिता भ्रष्ट होते. शेवटी बाहेर पडलेली डिस्क घेऊन, काही न लिहिता, फक्त वाचण्यापुरती मांडणी उभी करायची. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून भ्रष्ट पाठ बाजूला काढले, त्याची जयंती आपण साजरी करतो आणि इथे मात्र ‘तो तंत्रज्ञाचा प्रश्न’ म्हणून हात झटकतो. उतावळा तंत्रज्ञ मग सक्तीची पुनर्रचना सुरू करतो, आणि उरलेसुरलेही जाते.

महानुभावांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. म्हाइंभटाने साक्षीदारांना गाठून सिद्ध केलेली लीळाचरित्राची मूळ प्रत धाडीत नाहीशी झाली, आणि ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्याकडून ती पुन्हा उभी करावी लागली. म्हणूनच तिचे अनेक पाठ आहेत. पुढे सकळ लिपीत बंद झालेले वाङ्मय राजवाड्यांनी किल्ली उलगडेपर्यंत बाहेरच्यांसाठी मुकेच होते. अक्षरे शाबूत होती, क्रम माहीत नव्हता. ‘शिवाजी’, ‘कृतिदेव’ असल्या जुन्या फाँटांत टंकलेले आमचे प्रबंध डिस्कमधून सहीसलामत निघाले, तरी त्यांची गत याहून फार निराळी नसते.

आता कुणी म्हणेल, की शासनालाही हे जमत नाही. खरे आहे. २१ जून २०१२ रोजी मंत्रालय जळाले तेव्हा फायलींची काय दैना झाली ते सर्वांनी पाहिले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉन येथील शासकीय विदाकेंद्राला आग लागली आणि कर्मचार्‍यांचा ८५८ टेराबाइटचा साठा बाहेर दुसरी प्रत नसल्याने गेला. पण कोरियाच्या फायलींचे तुकडे कुणाच्या ना कुणाच्या टेबलावर सापडतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे मिळालीच नाहीत. अशा वाड्यांवरच्या म्हातार्‍यांच्या तोंडची गाणी ज्या डिस्कवर आहेत, ती गेल्यावर हिराइसेसारखे कुणाला पाठ असणार? विद्यार्थ्याने मुद्रण केले, गुण मिळवले आणि स्वतःच्या फोनमधून ते पुसून टाकले.

पैसे नाहीत ही सबब तर ऐकूच नये. बाहेरून जोडायची एक डिस्क चर्चासत्रातल्या शाली-श्रीफळांच्या खर्चात येते. दुसरी प्रत मात्र कर्जतहून खोपोलीला ठेवू नये, दोन्हीकडे पाऊस एकच. ती घाटावर, पुण्या-सातार्‍याच्या एखाद्या मराठी विभागाकडे द्यावी, त्यांची आपल्याकडे घ्यावी, आणि दर वर्षी दिवाळीच्या सुटीनंतर तिच्यातल्या दहा फायली उघडून, ऐकून पाहाव्यात.