आधी रॅली ठरवा, मग गाडी

परवा भाचा आला तो मोबाइलवर एका जुन्या जिप्सीचे फोटो घेऊनच. पुढून, मागून, बॉनेट उघडून, सगळे. म्हणाला, "मामा, पप्पांना तुम्ही सांगा. तुमचं ऐकतात ते." दाजींचा ऊस कारखान्याला गेलाय, बिल यायचंय, आणि या चिरंजिवांनी त्यातून गाडी घ्यायचं मनाशी ठरवून टाकलंय. कशासाठी? तर रॅलीत उतरायचंय.

कोणत्या रॅलीत, असं मी विचारलं. त्यावर तो गप्प. मंडळी, सगळी गोम इथेच आहे, म्हणून आजची ही पोस्ट. नातेवाईक वाचतातच (अक्का, तूही वाच).

मी दाजींना सांगणार नाही, हे आधीच लिहून टाकतो. पण "हे धंदे आपल्यासारख्यांचे नाहीत" असंही म्हणणार नाही. गंगाखेडच्या पोरानं रॅली करू नये असं थोडंच आहे? माझं म्हणणं एवढंच, की गाडी आधी घेऊन मग रॅली शोधणं म्हणजे घोडा घेऊन मग वरातीचा तपास करणं.

हे मी ऐकीव सांगत नाही. २००७ साली मी जुनी एस्टीम घेतली होती. तिचं इंजिन जिप्सी किंगच्याच घराण्यातलं, हे कुठंतरी वाचलं आणि डोक्यात गेलं. अलॉय चाकं टाकली, सायलेन्सर बदलला. गल्लीतली कुत्री घाबरायची, एवढाच त्याचा उपयोग. नाशिकला त्या काळात राष्ट्रीय अजिंक्यपद मालिकेतली रॅली व्हायची, तिथं उतरायचं स्वप्न होतं. मग एकदाचं नियमपुस्तक हाती आलं. गाडीच्या आत लोखंडी पिंजरा पाहिजे. खास सीटा, खास पट्टे, आग विझवायचं नळकांडं पाहिजे. चालक आणि नॅव्हिगेटर दोघांनाही आगीत न पेटणारे कपडे आणि मान्यताप्राप्त हेल्मेटं. एफएमएससीआय, म्हणजे या खेळाची देशातली संघटना, तिचं लायसन. प्रवेश फी वेगळी, टायरचे जादा जोड वेगळे, गाडी तिथवर न्यायची आणि सोबत मेकॅनिक न्यायचा. किराणाच्या बिलाच्या मागच्या बाजूला बेरीज केली, तर ती गाडीच्या किमतीच्या पुढे गेली. यात कुठं काटछाट करावी म्हटलं तर करता येत नाही, कारण हे सगळं जीव वाचवायचं सामान आहे.

एस्टीम पाच वर्षं लिंबाखाली उभी राहिली. शेवटी भंगारवाला घेऊन गेला. बायको अजूनही त्या जागेला "तुमचं गॅरेज" म्हणते. असो.

तर भाच्याला मी समजावलं ते असं. रॅली म्हणजे एकच प्रकार नाही. टीव्हीवर दिसते ती स्पेशल स्टेजची रॅली: रस्ता बंद, एकेक गाडी सुटते, ज्याला कमी वेळ लागला तो पुढं. वर सांगितलेला सगळा खर्च हिचा. दुसरा प्रकार ऑटोक्रॉस. मोकळ्या मैदानावर आखलेला छोटा ट्रॅक, घड्याळाशी शर्यत. बऱ्याच ठिकाणी साधी गाडी आणि हेल्मेट एवढ्यावर उतरू देतात. मात्र त्यासाठी पुण्यामुंबईकडं जावं लागतं, आणि मिनिट-दोन मिनिटांच्या फेरीसाठी एवढं डिझेल जाळायचं का, हा हिशोब ज्यानं त्यानं करावा.

तिसरा प्रकार टीएसडी. टाइम, स्पीड, डिस्टन्स. माझं मत या प्रकाराच्या बाजूनं आहे. रस्ता चालू असतो, वाहतुकीचे नियम पाळायचे असतात. संयोजक सरासरी वेग ठरवून देतात आणि तो नेमका राखायचा. वाटेत कुठंतरी लपलेले टाइम कंट्रोल असतात. उशिरा पोचलात तर दंड, लवकर पोचलात तरी दंड, आणि बहुतेक ठिकाणी लवकरचा दंड जास्त!

भाचा तोंड वाकडं करून म्हणाला, "ही कसली रॅली मामा? ही तर एसटी झाली."

एसटीला जमतं का ते बघ म्हटलं. ताशी ३६ किलोमीटर सरासरी धरा. म्हणजे एका किलोमीटरला बरोबर १०० सेकंद. आता तुमच्या गाडीचं मीटर शंभरात दोननं जास्त दाखवत असेल (दाखवतंच), तर ५० किलोमीटरवर तुम्ही एक किलोमीटर मागं. शंभर सेकंद गेले, आणि तुम्हाला पत्ताच नाही. म्हणून सुरुवातीला मोजून दिलेल्या अंतरावर मीटर ताडून घ्यायचं, फरक काढायचा आणि पुढं दिवसभर तो गुणत बसायचं. मोबाइलवर यासाठी ॲपं आहेत, पण ती चालतात की नाही हे त्या-त्या रॅलीच्या नियमात आधी बघावं.

आणि हे हलकं काम समजू नका. १९९९ साली सुरू झालेल्या रेड-दि-हिमालयातसुद्धा वेगवाल्यांच्या बरोबरीनं टीएसडीवाल्यांचा वेगळा गट असायचा. पुण्याचे संजय टकले २०२५ च्या डकार क्लासिकमध्ये उतरले, तिथंही मूळ खेळ ठरलेली सरासरी राखण्याचाच.

मागच्या रविवारी प्रयोग केला. माझी जुनी अल्टो, भाचा चालवायला, त्याची धाकटी बहीण शेजारी वही-कॅल्क्युलेटर घेऊन, मी मागं घड्याळ घेऊन. राणीसावरगावच्या रस्त्यानं. पहिले तीनही टप्पे पठ्ठ्या लवकर. चौथ्याला म्हशींचा कळप आडवा आला, दीड मिनिट गेलं, आणि भरून काढायला यानं पाय दाबला. पोरगी ओरडली, "दादा, पुढं शाळा आहे, तिथं हळूच जावं लागणार, आत्ताच हिशोबात धर!" तो कमी झाला. मला त्या क्षणी कळलं की या घरात रॅलीचं माणूस कोण आहे ते.

आता जिप्सी. गाडी उत्तमच, वाद नाही. पण सामान्य गिऱ्हाइकाला नवी मिळणं २०१९ पासून बंद, म्हणून जुनीचे भाव चढलेले. पेट्रोल पिते ते वेगळं. टीएसडीला अल्टो, वॅगनआर, जुनी स्विफ्ट, काहीही चालतं. घरात आहे ती सगळ्यांत स्वस्त. घ्यायचीच असेल तर इंजिनच्या आवाजावर भाळू नका, खाली वाकून गंज बघा. रेडिएटर, सस्पेन्शनचे बुश, ब्रेक बघा. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात चाकाच्या कमानीत चिखल असा बसतो की चाक फिरेना. त्यामुळं जिचा पार्ट परभणीत मिळतो आणि जी गावातला कोणताही मिस्त्री डोळे मिटून खोलतो, तीच आपली रॅलीची गाडी. एक गोष्ट मात्र जरूर करा. विम्याच्या पॉलिसीत शर्यत, वेगचाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल वगळलेली असते. टीएसडीला उतरण्याआधी कंपनीला लेखी विचारा, तोंडी नको.

भाच्याचा दुसरा बेत मला जास्त घाबरवून गेला. चार मित्र मिळून पहाटे "आपलीच रॅली" काढायची, रस्ता रिकामाच असतो म्हणे! सरकारी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवा. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय मालिकेची रॅली चालू होती. रस्ता बंद केलेला होता, सगळा बंदोबस्त होता. तरी एक मोटारसायकल आत आली आणि एकाच घरातले तिघे गेले. तिथं ही गत, तर आपल्याकडं पहाटे दूधवाले निघतात, उसाच्या गाड्या दिव्यांशिवाय उभ्या असतात. रिकामा रस्ता कुठला?

हे सांगितल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "टीएसडी पुढची कुठं आहे, बघू का?" बघ म्हटलं. प्रवेश फी माझ्याकडून. जिप्सीचं दाजींशी तूच बोल, पण दोन रॅल्या झाल्यावर.

या रविवारी सकाळी सहाला पुन्हा निघतोय, पालमच्या बाजूनं. डबा अक्का देणार आहे. वही या वेळी दोन रेघांची नको, चौकटीची आणा, असा नॅव्हिगेटरबाईंचा निरोप आहे.