धान्याची रास आणि शंकू

वऱ्हाडात सुगी आटोपली की अमरावती आणि अकोला येथील बाजार समित्यांच्या आवारात धान्याचे ढीग दिसू लागतात. पोत्याचे तोंड सुटते, तूर किंवा हरभरा खाली ओघळतो आणि पाहता पाहता एक आकृती उभी राहते. तळाशी वर्तुळ, माथ्याशी टोक. भूमितीत हिलाच शंकू म्हणतात. हमाल आणखी चार पोती ओतो की दहा, ढीग मोठा होतो. परंतु त्याचा उतार मात्र पहिल्याइतकाच राहतो.

शाळेत शंकू शिकविला जातो तो बहुधा कागदाच्या टोपीवरून. मुले घनफळाचे सूत्र पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. ही रीत सोयीची खरी, पण तिच्यामुळे शंकू म्हणजे कोणीतरी कात्रीने कापून तयार करावयाची वस्तू, असा समज रुजतो. शेतकऱ्यांच्या मुलांना तरी शंकूची ओळख धान्याच्या राशीवरूनच करून दिली पाहिजे. कारण ही आकृती कोणी घडवीत नाही. ती आपोआप घडते आणि का घडते, हेही राशीपाशीच कळते.

दाणा दाण्यावर पडला की वजनामुळे तो खाली घसरू पाहतो आणि शेजारच्या दाण्यांशी होणारे घर्षण त्याला अडवून धरते. उतार वाढत जाऊन एका मर्यादेला पोचला की घर्षण अपुरे पडते, वरचा थर घसरतो आणि रास पुन्हा त्याच उतारावर येऊन थांबते. सर्व बाजूंनी हेच घडत असल्यामुळे शंकूखेरीज दुसरा आकार संभवतच नाही.

ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वी ओळखली गेली होती. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त धान्याच्या राशी मोजण्याचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. वऱ्हाडाला लागून असलेल्या खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. भास्कराचार्य सांगतात : राशीचा घेर मोजा. धान्य हरभऱ्यासारखे जाड असेल तर उंची घेराच्या दहाव्या भागाइतकी, मोहरीसारखे बारीक असेल तर अकराव्या भागाइतकी आणि कुसळे असलेले असेल तर नवव्या भागाइतकी धरा. मग घेराचा सहावा भाग घेऊन त्याचा वर्ग करा आणि त्याला उंचीने गुणा. जाड धान्याच्या राशीचा घेर ६० हात असेल, तर सहावा भाग १०, त्याचा वर्ग १०० आणि उंची ६ हात. म्हणून घनफळ ६०० घनहात.

राशीवर चढून उंची मोजण्याचे कारणच उरत नाही! एक दोरी पुरते. भिंतीला टेकलेल्या किंवा कोपऱ्यात साठविलेल्या राशीची रीतही त्यांनी दिली आहे.

आजच्या सूत्राने हेच घनफळ सुमारे ५७३ घनहात भरते. भास्कराचार्यांनी येथे परिघ व्यासाच्या तिप्पट मानला, म्हणून हा फरक पडतो. अधिक अचूक गुणोत्तर त्यांना ठाऊक होते आणि त्याच ग्रंथात त्यांनी ते दिलेही आहे. खळ्यावर मात्र त्यांनी सोपा आकडा पसंत केला. अदमास थोडा जास्त येणे घेणाऱ्याच्या हिताचे की देणाऱ्याच्या, हे अर्थात दोरी कोणाच्या हाती आहे त्यावर ठरे. उंचीच्या त्या तीन नियमांवरून उतार काढला, तर तो अनुक्रमे सुमारे ३२, ३० आणि ३५ अंश येतो. कोरड्या धान्याच्या राशी खरोखरच याच्या आसपास स्थिरावतात. धान्याच्या कोठीचे नरसाळ्यासारखे तळ आखणाऱ्या अभियंत्यालाही हा कोन पाहावा लागतो. तळ पुरेसा उभा नसला तर दाणे आतच अडकून बसतात.

मेक्सिकोत १९४३ साली एका शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतात जमीन फाटून पारिकुटिन नावाचा ज्वालामुखी जन्मला. उडालेले निखारे व खडे मुखाभोवती साचत गेले आणि वर्षभरात तीनशे मीटरांहून उंच असा शंकू उभा राहिला. त्याचा उतारही धान्याच्या राशीच्या जवळपासचाच. वऱ्हाडाची काळी माती ज्या खडकापासून झाली, तोही सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचाच. परंतु तो लाव्हा पातळ होता आणि भेगांतून वाहत दूरवर पसरला. म्हणून येथे तसे शंकू न होता थरांवर थर साचले.

तथापि आकार सारखा दिसला म्हणजे कारण एकच, असे मानणे घाईचे होईल. गाविलगडाच्या पायथ्याशी ओढ्यांनी आणलेला गाळ पंख्यासारखा पसरलेला आहे. तोही एक चपटा शंकूच, पण तो वाहत्या पाण्याने रचलेला असल्यामुळे त्याचा उतार अगदी सौम्य आहे. डोळ्यातील रंग ओळखणाऱ्या पेशींनाही शंकुपेशी म्हणतात. त्यांचा घसरणाऱ्या दाण्यांशी काहीच संबंध नाही. शंकूच्या आकारात गूढ शक्ती शोधणाऱ्यांनी हा भेद ध्यानी घेतलेला नसतो.

मुलांनी घरी नरसाळ्यातून ज्वारी सावकाश सोडावी, राशीचा घेर दोऱ्याने मोजावा आणि पट्टीने उंची पाहून दहावा भाग येतो की अकरावा, ते ताडून बघावे. मग हाच प्रयोग ओलसर वाळूवर करावा. तेथे नियम ढळतो, कारण पाणी कणांना एकमेकांशी जखडते आणि ढीग अधिक उभा राहतो. बाजारातला अनुभवी व्यापारीसुद्धा राशीचा नुसता आकार पाहून भाव सांगत नाही. तो कोपरापर्यंत हात आत खुपसतो आणि तळचे दाणे काढून त्यांची ओल पाहतो.