भट्टीचा हिशेब आणि चौथीचा वर्ग

डिसेंबर-जानेवारीत आमच्या मोखाडा-जव्हारकडच्या शाळांमध्येही स्नेहसंमेलनाची गडबड सुरू होते. कुणीतरी तयार संहिता आणतं. व्यसनमुक्तीची, स्वच्छतेची, नाहीतर शिवरायांच्या दरबाराची. स्पष्ट बोलणारी चार मुलं निवडून त्यांच्याकडून वाक्यं घोकून घेतली जातात. बाकीची मागे मावळे होऊन उभी राहतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत कितीतरी मुलं गावात नसतातच. दिवाळी झाली की आईबापांबरोबर ती भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली असतात.

मी या भागात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नाटक स्नेहसंमेलनाच्या एका संध्याकाळपुरतं न ठेवता रोजच्या तासिकेत आणावं, ते मुलांनी स्वतः रचावं आणि जूनपासून दिवाळीपर्यंत, सगळी मुलं गावात असताना करावं, असं माझं ठाम म्हणणं आहे.

आमच्या मुलांना नाटक नवं नाही. त्यांच्या घरात बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून नाचायच्या सोंगांचा उत्सव आहे. संबळ-पिपाणीच्या तालावर रात्रभर एकामागून एक सोंगं निघतात. आधी गणपती, शारदा. शेवटी जगदंबा आणि महिषासुराचं युद्ध. कोणतं सोंग कोणत्या घराने नाचवायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. जव्हार तालुक्यात रामखिंडला कागदाच्या लगद्याचे मुखवटे घडतात. मोठ्यांच्या मागे नाचत नाचत मूल पावलं उचलतं, हातात कागद कुणी देत नाही. रावणाची चाल हुबेहूब करणारं तेच पोर वर्गात धडा वाचायला उभं केलं की मान खाली घालतं. घरी वारली, कोकणा, ठाकरी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातल्या मराठीत आपण चुकू, ही धास्ती असते. नाटक त्याच्या बोलीत सुरू झालं की ती धास्ती आधी जाते. पुस्तकातली मराठी मागाहून येते, आणि येतेच.

चौथीच्या वर्गात पावसाळ्यात आम्ही भट्टीचा खेळ मांडला. मी फक्त म्हटलं, हंगाम संपलाय, आज हिशेब आहे. पुढचं सगळं मुलांनी उभं केलं. एक मुकादम झाला, कानावर पेन खोचून बसला. दोघी चिखल तुडवू लागल्या, एकजण साचा मारू लागला. भट्टीवर कधीच न गेलेली मुलं गेलेल्यांना विचारत होती, वीट कशी उलटायची, झोपडी कुठे असते. वर्गात एरवी गप्प असणारी मुलं त्या तासाला शिकवणारी झाली. मग मुकादमाने सांगितलं, उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, अजून फिटली नाही, पुढच्या वर्षी परत यायचं. आई झालेली मुलगी उठली आणि म्हणाली, "वही दाखव."

खेळ तिथेच थांबला, कारण वहीत काय लिहायचं ते कुणालाच येत नव्हतं. हजार विटांचा दर मुलांनीच सांगितला. आठवड्याच्या विटा, खर्चीसाठी घेतलेले पैसे, उचलीतून वजा होणारी रक्कम असं सगळं फळ्यावर आलं. गुणाकार आणि वजाबाकी त्या दिवशी कुणाला समजावून सांगावी लागली नाही. ती त्यांना हवी होती. दुसऱ्या दिवशी खेळ पुन्हा झाला, तेव्हा मुकादमाच्या वहीतली चूक आईने बोट ठेवून दाखवली.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी बालशिक्षणात नाट्यप्रयोगाला मानाची जागा दिली. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे अनुताई वाघांसह ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तिथे कुरणशाळा भरली. कोसबाड आज आमच्याच पालघर जिल्ह्यात आहे. इंग्लंडमध्ये डोरोथी हीथकोट यांनी शिक्षकानेच पात्र होऊन खेळात शिरण्याची पद्धत रुजवली. त्या स्वतः कापडगिरणीत काम करून आलेल्या होत्या. ठाण्याच्या वस्त्यांतल्या मुलांना स्वतःची नाटकं रचायला लावणारा रत्नाकर मतकरींचा 'वंचितांचा रंगमंच' तर अगदी अलीकडचा.

अभ्यासक्रम कधी संपवायचा, असं सहकारी विचारतात. दोन शिक्षकांवर पाच इयत्ता असतात आणि वर ऑनलाइन माहिती भरायची असते, तेव्हा हा प्रश्न खराच आहे. पण भट्टीच्या खेळात माझा गणिताचा घटक झाला, भाषेचा झाला आणि परिसर अभ्यासाचाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कलेची विषयांशी सांगड घालायला सांगितलंच आहे. मग शिक्षण विभागाला माझं सांगणं आहे, त्या तासाला 'उपक्रम' म्हणून वेगळा फोटो पाठवायला लावू नका. तो तास गणिताचाच धरा.

गावातल्या संबळवाल्यांना, मुखवटे करणाऱ्यांना मानधन देऊन वर्गात बोलवायची तरतूद करा. ते आमच्यापेक्षा चांगले नाट्यशिक्षक आहेत. मात्र जगदंबेचं सोंग शाळेच्या मंचावर नाचवू नका. त्याला त्याची रात्र आणि त्याचं घर आहे. आणि केंद्रप्रमुखांनी दर महिन्याच्या शिक्षण परिषदेतला एक तास यासाठी द्यावा. त्यात भाषण नको. शिक्षकांनी स्वतःच मुकादम व्हावं, आई व्हावं, हिशेब मागावा.