न मिळालेल्या भाड्यावरचा कर

मार्च महिना जवळ आला की चंद्रपूरच्या मध्यमवर्गीय वस्त्यांत मालमत्ता कराच्या देयकांची चर्चा सुरू होते. भविष्य निर्वाह निधी आणि पतपेढीचे कर्ज यांतून तीन खोल्या बांधून निवृत्त झालेला शिक्षक ते देयक हाती घेतो, तेव्हा त्याच्या मनात येणारा प्रश्न मुळीच बाळबोध नसतो. ज्या घराने आपल्याला एक रुपयाही मिळवून दिला नाही, त्याच्या भाड्यावर कर कसा?

उत्तर कायद्यात आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधील जुनी रीत अशी, की घर भाड्याने दिल्यास वर्षाकाठी जे वाजवी भाडे अपेक्षित असेल ते धरावयाचे, दुरुस्तीदाखल त्यातून १० टक्के वजा करावयाचे आणि उरलेल्या रकमेवर कर बसवावयाचा. मालक स्वतः राहतो म्हणून हे भाडे नाहीसे होत नाही. अर्थशास्त्रात यास आरोपित उत्पन्न म्हणतात आणि तत्त्वतः त्यात काही वावगे नाही. अडचण एवढीच, की उत्पन्न आरोपित असले तरी कर मात्र रोख भरावा लागतो. थकल्यास दरमहा २ टक्के शास्ती. आकारणीविरुद्ध न्यायाधीशाकडे अपील करावयाचे, तर मागणीची रक्कम आधी भरावयाची!

नगरसंस्थांना घरपट्टीवर एवढा भार टाकावा लागतो, याचे कारणही समजून घेतले पाहिजे. त्यांचे दुसरे हात एकेक करून काढून घेण्यात आले. चंद्रपूरला महानगरपालिका २०११ मध्ये आली. जकातीच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर २०१५ च्या ऑगस्टपासून बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा करात विरून गेला. नुकसानभरपाई मिळते, परंतु ती मुंबईहून येते. त्यात पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळातील अनुदानासाठी मालमत्ता कराचे किमान दर ठरविण्याची आणि वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या गतीने वाढविण्याची अट घातली. माल वाट बदलू शकतो. घराला पाय नसतात.

मोठ्या मालमत्तांची गोष्ट निराळी. २९२० मेगावॅट क्षमतेचे महाऔष्णिक विद्युत केंद्र दुर्गापूरच्या बाजूस, शहराच्या हद्दीबाहेर आहे; धुराला अर्थात हद्द ठाऊक नाही. ग्रामपंचायत क्षेत्रातील कारखान्यास, १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२५ अन्वये, करांऐवजी ठोक रकमेची तडजोड करता येते. केंद्र शासनाची मालमत्ता करमुक्त असते, त्या आडोशाला वेस्टर्न कोलफिल्ड्सनेही उभे राहून पाहिले. कोरबा येथील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये कंपनी म्हणजे शासन नव्हे, असा निर्वाळा दिला. तडजोड किंवा सर्वोच्च न्यायालय, यांपैकी एकही वाट आमच्या शिक्षकाला मोकळी नाही.

गडचिरोलीत तर कर बसवावा असे फारसे काही नाहीच. अहेरी, चामोर्शी, धानोरा ही तालुक्याची गावे २०१५ मध्ये नगरपंचायती झाली. भोवती अफाट जंगल, पण जंगल घरपट्टी देत नाही. मग उरतात ती नोकरदारांची आणि छोट्या दुकानदारांची घरे.

मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ मध्ये करमाफी मिळाली. पुण्यात स्वतः राहणाऱ्यांची ४० टक्के सवलत २०२३ मध्ये पुन्हा लागू झाली. आपल्याकडेही तसेच व्हावे, ही मागणी स्वाभाविक असली तरी मला ती घातक वाटते. चंद्रपूरने उद्या माफी दिली, तर परवा नाल्या कोण उपसणार? कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ५५ वर्षांवरील घरमालकास कर लांबणीवर टाकता येतो. तो व्याजासह घरावर बोजा म्हणून राहतो आणि घर विकले जाईल तेव्हा वसूल होतो. प्रांतिक सरकार तोवर नगरसंस्थेला रक्कम देते. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या, स्वतःच्या एकुलत्या घरात राहणाऱ्या वृद्धांपुरती अशी योजना येथे आणावयाची, तर राज्याला रक्कम बुडवावयाची नाही, केवळ काही वर्षे थांबावयाचे आहे. आणि अपिलापूर्वी संपूर्ण मागणी भरण्याची अट निम्म्यावर आणण्यास तर पैसाही लागत नाही. विधानसभेच्या एका अधिवेशनाचे ते काम आहे.