दुआ, नवस आणि नुसती इच्छा

‘देवा, एवढं एक काम होऊ दे!’ दिवसातून किती वेळा म्हणतो आपण हे? मुलाला चांगले मार्क पडू देत, ह्यांची बदली जवळ होऊ दे, सुनेला दिवस जाऊ देत. मैत्रिणींनो, ही प्रार्थना झाली की नुसतीच इच्छा?

अंधेरीला आमच्या मजल्यावर एक कोकणी मुस्लिम कुटुंब राहतं. त्यांच्या मुलीला छान स्थळ सांगून आलं. मुलगा दुबईला, पगार उत्तम. मी म्हटलं, ‘‘भाभी, आता लग्न जमू दे म्हणून दुआ मागा.’’ त्या म्हणाल्या, ‘‘ताई, जमूच दे असं नाही मागायचं. ती इस्तिखारा करतेय.’’

नमाज पाच वेळची, ठरल्या वेळी, अरबीत. दुआ मात्र कधीही मागता येते, आपल्या भाषेतसुद्धा. इस्तिखारात दोन रकात नमाज पढून एक दुआ मागतात. तिचा आशय असा, की हे माझ्या भल्याचं असेल तर मला मिळू दे. नसेल तर ते माझ्यापासून दूर ने आणि भलं जिथे असेल, ते देऊन त्यात मला समाधान दे. मला वाटतं, फरक इथेच आहे. इच्छेला फक्त ‘हो’ ऐकायचं असतं. प्रार्थनेत ‘नाही’लाही जागा असते.

स्वप्नात कौल मिळतो म्हणून काहीजण वाट बघतात. तशी काही अट नाही. उलट चौकशी, सल्लामसलत करायचीच. आधी उंट बांधा, मग अल्लावर भरवसा ठेवा, ही पैगंबरांची शिकवण प्रसिद्धच आहे. भाभींनी सगळी चौकशी केली. लग्नानंतर शिक्षण चालू राहणार नाही असं कळल्यावर मुलीने नकार दिला. भाभींना वाईट वाटलं, पण त्यांनी जबरदस्ती केली नाही. निकाहाला मुलीची कबुली लागते, ती काय उगाच?

कुराणाच्या चौथ्या अध्यायाचं नावच ‘अन्-निसा’, म्हणजे स्त्रिया. त्यातली 32वी आयत सांगते, की दुसऱ्याला जास्त मिळालं त्याची हाव धरू नका. पुरुषांना त्यांच्या कमाईचा वाटा, स्त्रियांना त्यांच्या कमाईचा. मागायचं ते अल्लाकडे मागा. शेजारणीच्या पाटल्या बघून झुरणं वेगळं आणि मागणं वेगळं!

वांद्र्याच्या मोतमाउलीला सप्टेंबरात जत्रा भरते. सगळ्या धर्मांच्या बायका तिथे मेणाचे हात, पाय, घरं, बाहुल्या वाहतात. त्याला मी हसणार नाही. मुलाच्या पायावर सगळे उपचार करून जी आई मेणाचा पाय घेऊन उभी राहते, तिची ती प्रार्थनाच. पण डॉक्टरकडे न जाता केलेला नवस? किंवा ‘मुलगाच होऊ दे’ म्हणून सुनेकडून करवून घेतलेला? तो तर निव्वळ हट्ट, आणि तोही दुसऱ्याचा.

ज्ञानेश्वरी पूर्ण झाली 1290 साली. तिच्या शेवटच्या पसायदानात ज्ञानोबांनी साऱ्या विश्वासाठी मागितलं. एवढं मोठं मन आपल्याला कुठलं जमायला! पण घरासाठी मागता मागता स्वतःसाठी काही मागायचंच आपण विसरतो, हेही खरं. तेव्हा आज दिवा लावताना किंवा दुआसाठी हात उचलताना स्वतःसाठीही मागा. आधी एवढंच विचारा, हे मला हवंय, की माझ्याकडून कुणाला हवंय?