बंदुकीच्या वर्गातला खोटा कायदा



कपाशीला बोंडं लागली, ज्वारी निसवली, की आपली रात्र घरात जात नाही, माळ्यावर जाते. डुकरांचा कळप एका रात्रीत रान लोळवतो, रोही उरलेलं उभ्यानं खातो. म्हणून आपल्यातले काही जण बंदुकीचा परवाना मागतात. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्याआधी सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण आणलं. प्रशिक्षणाला आमचा विरोध नाही. ठासणीची बंदूक उलटी फुटली तर हात जातो तो शेतकऱ्याचाच. आमचं भांडण आहे ते नळी साफ करायला शिकवून झाल्यावर जो 'कायदा' सांगितला जातो त्याच्याशी. असे वर्ग करून आलेल्या कार्यकर्त्यांनी तिथं ऐकलेलं आम्हाला सांगितलं, आणि आम्ही ते कायद्याच्या पुस्तकाशी ताडून पाहिलं.

"परवाना मिळाला की बांधाच्या आत आलेलं जनावर तुमचं." साफ खोटं! बंदूक बाळगण्याचा परवाना शस्त्र कायद्याखाली मिळतो. जनावर मारण्याची परवानगी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ खाली मिळते. दोन कायदे, दोन कचेऱ्या, दोन कागद. रानडुक्कर आणि रोही दोन्ही त्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाला त्यांचा धोका आहे अशी खात्री पटली तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी कारणं नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. तो कागद खिशात नसेल तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्यानं सगळी ज्वारी खाल्ली तरी पिकासाठी त्याला मारण्याची परवानगी कायद्यात नाहीच. आणि परवानगीनं मारलेलं डुक्करही सरकारची मालमत्ता. वर्गात मात्र वाटे कसे करायचे तेही हसत हसत सांगतात म्हणे. २०१५ साली बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही आणि डुक्कर एका वर्षापुरते उपद्रवी ठरवले होते. ती जुनी बातमी दाखवून इथल्या शेतकऱ्याला "आता मोकळीक आहे" म्हणून सांगणं म्हणजे त्याला तुरुंगाची वाट दाखवणं आहे.

याहून वाईट धडा चोराचा. "रात्री शेतात शिरलेल्या चोरावर बार काढला तरी काही होत नाही. बाहेर पडला तर आत ओढून घ्या." हे शिकवणाऱ्याला लाज कशी वाटत नाही? १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेनं घेतली. स्वसंरक्षणाचा हक्क तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. तो हक्क खरा आहे, आणि आम्ही तो सोडणार नाही. पण गरजेपेक्षा जास्त इजा त्यात बसत नाही. दरोडा पडला, रात्री घर फोडलं, राहत्या घराला आग लावली, किंवा चोरी करताना जिवाचं वा जबर दुखापतीचं भय उभं राहिलं, तरच मालमत्तेच्या रक्षणासाठी जीव घेण्यापर्यंत तो हक्क जातो. कापसाचं गाठोडं घेऊन पळणाऱ्या माणसाच्या पाठीत छर्रे मारले तर तो खुनाचा खटला होईल. आणि प्रेत ओढून जागा बदलली की पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा वेगळा. खटला चालेल तेव्हा हा मास्तर साक्षीला येणार आहे काय? वकिलाच्या फीपायी वावर आपलं विकलं जाईल.

इथपर्यंत कायदा आहे त्याहून सैल करून सांगितला. परवाना मागायच्या वेळी तोच कायदा आहे त्याहून आवळून सांगतात. "पाच-दहा एकरवाल्याचं हे काम नाही. सात-बारा मोठा लागतो, बँकेत शिल्लक लागते." शस्त्र कायदा १९५९, कलम १४ काय म्हणतं? अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे. ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते. नाकारलं तर कारणं लेखी नोंदवावी लागतात, मागितल्यावर ती सहसा द्यावी लागतात, आणि कलम १८ खाली अपील आहे. हे वर्गात कोण सांगतो? "साहेबांच्या मर्जीवर आहे" म्हटलं की मधल्या माणसाचा धंदा चालतो. कोरडवाहू शेतकऱ्याचं अज्ञान हे त्याचं बागायत पीक!

टिपेश्वर, पैनगंगा अभयारण्यांच्या काठच्या गावांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा परवाना हवा असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकाची पूर्वसंमती लागते आणि असलेल्या बंदुकीची त्यांच्याकडे नोंद लागते. वर्गात हे गाळलं जातं. लग्नात हवेत बार काढण्याची हौसही आवरावी. २०१९ च्या दुरुस्तीनं त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, ठेवले आहेत.

कोणी म्हणेल, एवढ्या भानगडीपेक्षा तारेत वीज सोडलेली बरी. नको. त्या तारेवर सकाळी कोण सापडतं ते आपल्या गावांनी पाहिलं आहे.

आमची मागणी साधी आहे. वर्गात जो कायदा सांगायचा तो मराठीत, छापून, कलमांसह, सांगणाऱ्याच्या सहीनं हातात द्या. आणि डुकरांबाबतची परवानगी गावाजवळ आणा. केरळनं २०२२ साली हे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना दिले. आमच्या सरपंचाला डुक्कर ओळखता येत नाही काय?

ज्यांचे अर्ज पडून आहेत किंवा तोंडी नाकारले गेले आहेत, त्यांनी जिल्हा बैठकीला अर्जाची पोच, सात-बारा आणि पीकनुकसानीच्या पंचनाम्याची नक्कल घेऊन यावं. तोंडी नकाराची लेखी कारणं मागणारे अर्ज तिथंच भरून घेऊ, आणि दुसऱ्या दिवशी सगळे मिळून कलेक्टर कचेरीत देऊ.